दुसरा हात

सरांची वाचा गेली त्या सकाळी मी बी.एस्सी.च्या मुलांचं प्रॅक्टिकल घेत होते. काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा फोन आला. "बेटा, हे बोलत नाहीयेत," एवढंच त्या म्हणाल्या. मला वाटलं रागावलेत. रागावले की सर बोलत नसत, हे त्यांच्या हाताखाली शिकलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मी विचारलं, "कशावरून बिनसलं?" त्यावर काकू म्हणाल्या, "बिनसलं नाही गं. येतच नाहीये बोलायला."

मुलांना बर्नर बंद करायला सांगून मी तशीच रिक्षा पकडली.

दवाखान्यातून सर घरी आले तोवर त्यांचा पाय थोडा सावरला होता. उजवा हात नाही सावरला, आणि वाचाही नाही. डॉक्टर म्हणाले, समजतं सगळं, फक्त शब्द सापडत नाहीत. एकच शब्द त्यांच्यापाशी उरला होता: पाणी. तहान लागली की पाणी. पेपर हवा असला की पाणी. मी दारात दिसले की माझ्याकडे बघून, डोळे हसरे करून, "पाणी, पाणी." ज्या माणसाने रसायनशास्त्रातल्या एकेका शब्दासाठी आम्हाला पुन्हा पुन्हा वाक्य लिहायला लावलं, त्याच्यापाशी एवढंच उरलं. पहिल्या दिवशी मी त्यांच्यासमोर बसून कॉलेजच्या गोष्टी सांगत राहिले आणि बाहेर येऊन अंगणातल्या नळाखाली तोंड धुतलं.

सर इथल्याच, बुऱ्हाणपूरच्या कॉलेजात शिकवायचे. मी जवळच्या तुकईथड गावची. घरी केळी आणि कापूस. एम.एस्सी. होऊन मी पीएच.डी.साठी त्यांच्याकडे गेले, तेव्हा ते मला काही वाचायला देतील अशी माझी कल्पना होती. त्यांनी एक चंबू हातात दिला आणि म्हणाले, "धुऊन आण." मी धुऊन आणला. त्यांनी तो पाण्याने विसळून खिडकीच्या उजेडात उलटा धरला. आतल्या बाजूला एक-दोन थेंब चिकटून राहिले होते. "स्वच्छ काचेवर पाण्याचा पापुद्रा सरकतो, थेंब राहत नाही. परत." तो आठवडा मी काचेची भांडीच धुतली. पुढे कळलं, सरांचाही पहिला आठवडा असाच गेला होता, त्यांच्या गुरूंकडे. त्यांना आम्ही मोठे सर म्हणायचो.

मोठे सर दूरच्या शहरात असत. मी त्यांना एकदाच पाहिलं. म्हातारे, कानांनी कमी ऐकणारे, गोड खाणारे. बुऱ्हाणपूरला आले की त्यांना मावा जिलेबी लागायची. प्रयोगशाळेत माझं काम दाखवायला मी आलेखांची चळत घेऊन उभी राहिले. त्यांनी एकही आलेख पाहिला नाही. बोटांचा पाक रुमालाला पुसत विचारलं, "दुसरा हात कुणाचा?"

ही आमच्या ग्रुपची पद्धत. कुणाचंही काम छापायला पाठवण्याआधी ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणीतरी तो प्रयोग पहिल्यापासून, एकट्याने करून बघायचा. ज्याचं काम असेल त्याने त्या वेळी खोलीतही थांबायचं नाही. दुसऱ्या हाताला तेच आलं तर ते खरं. नाही आलं तर थांबायचं, कितीही थांबावं लागलं तरी. सरांची स्वतःची पीएच.डी. यापायी लांबली होती. त्यांच्या हाताला येणारा एक पदार्थ दुसऱ्याच्या हाताला येईना. ग्रुपमधल्या सगळ्यांनी करून पाहिलं. शेवटी मोठे सर स्वतः कोट घालून उभे राहिले, सरांनी लिहिलेलं वाचत वाचत त्यांनी ते केलं, आणि संध्याकाळी नळीच्या तळाशी पिवळी, सुईसारखी स्फटिकं उतरली. सर ही गोष्ट सांगताना दरवेळी थांबायचे. म्हणायचे, "माझे वडील मला खांद्यावर घेऊन जत्रेत फिरायचे ना, तसं वाटलं बघ."

सर निवृत्त झाले आणि गाईड म्हणून मी त्यांच्या जागी आले. माझा ग्रुप लहानच. एक शाळेतले मास्तर होते, चाळिशी ओलांडलेले, सुट्टीच्या दिवशी आणि शाळा सुटल्यावर येऊन काम करणारे. दुसरी नेपानगरची मुलगी. तिचे वडील कागद कारखान्यातून रिटायर झालेले. रोज सकाळच्या बसने यायची, संध्याकाळच्या बसने जायची. डबा माझ्यासोबत खायची. चिवट होती, आणि हात चांगला होता तिचा. काचेच्या नळीतला शेवटचा थेंब सोडताना ती श्वास रोखून धरायची. ते पाहून मला बरं वाटायचं.

तिला विषय मीच दिला होता. आमच्याकडे कापड रंगवणाऱ्यांचं रंगीत पाणी नाल्यात जातं, आणि केळीचा घड उतरवल्यावर खोड शेतात सडतं. त्या खोडाचा कोळसा करायचा, आम्लात घालून भट्टीत तापवायचा, धुऊन, वाळवून, वस्त्रगाळ करायचा आणि तो पाण्यातला रंग ओढून घेतो का बघायचं. खोडं माझ्या भावाच्या शेतातून यायची. तो हसायचा. "ताई, लोक घड नेतात, तू खोड नेतेस."

तिच्या कोळशाने कमाल केली. लालभडक पाण्यात चिमूटभर टाकायचा, हलवत ठेवायचं, गाळायचं, की खाली पाणी जवळजवळ पांढरं. तिने पहिल्यांदा तो चंबू धावतच माझ्यासमोर आणला. "मॅडम, देखो ना." पुन्हा केलं, पुन्हा तेच. त्या कोळशाचे तिने तीन-चार घाणे केले, सगळे तसेच. मी तो चंबू घेऊन सरांकडे गेले होते. तेव्हा सर बोलत होते. त्यांनी तो खिडकीशी धरला, खूश झाले, आणि अर्थात विचारलं, "दुसरा हात?"

मास्तरांनी करायला घेतलं. त्यांना नाही आलं.

म्हणजे अगदीच नाही असं नव्हे. रंग उतरायचा, पण अर्धाच. पाणी गुलाबी राहायचं. मास्तर मुळात घाबरट. त्यांना वाटलं आपलंच चुकतंय. पुन्हा केलं. गुलाबीच. मग मुलीने पुन्हा केलं आणि तिलाही गुलाबी आलं. जुना कोळसा संपला होता, नवा कुणाच्याच हाताला तसा येईना. तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती चंबूकडे नाही, माझ्याकडे बघत होती. "मॅडम, मी झूठ नाही बोलली," ती म्हणाली.

"मला माहीत आहे," मी म्हटलं. मला खरंच माहीत होतं. मी स्वतः तिच्या शेजारी उभी राहून ते पांढरं पाणी पाहिलं होतं.

मग मी कोट घातला. मोठ्या सरांची गोष्ट मनात होतीच. खोटं कशाला बोलू, मला येईल असं वाटत होतं. तिने लिहिलेलं समोर ठेवून, ओळ न ओळ वाचत, मी खोड चिरलं, वाळवलं, भट्टी लावली. तो कोळसा तयार होईपर्यंत ती बाहेर व्हरांड्यात बसून राहायची, आत येत नव्हती. शेवटच्या दिवशी गाळलेलं पाणी मी चंबूत धरलं आणि दाराकडे वळले. तिने दुरूनच रंग पाहिला आणि बॅग उचलून बसला निघून गेली.

सरांना अर्धांगाचा झटका आला तो याच दिवसांत.

ते घरी परतले आणि थोडे बरे झाले तसं मी त्यांना जाऊन सगळं सांगितलं. विचारायला दुसरं कोण होतं? मोठे सर केव्हाच गेले होते. सर खुर्चीत बसले होते, डाव्या हाताने उजवा हात मांडीवर धरून. मी सगळं सांगितलं: खोड कुठलं, आम्ल कुठलं, भट्टी किती वेळ. ते लक्ष देऊन ऐकत होते. मध्ये एकदा भुवया आवळल्या, पूर्वी चूक दिसली की आवळायचे तशाच. मग पुढे वाकून, माझ्या मनगटाला धरून म्हणाले, "पाणी."

मी पेला पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. "पाणी. पाणी!" आवाज चढला.

मी पेला खाली ठेवला. कोळसा आम्लातून काढला की तो पाण्याने धुवावा लागतो, खूप धुवावा लागतो. आणि त्या मुलीने पहिले घाणे केले तेव्हा आमचं ऊर्ध्वपातनाचं, शुद्ध पाणी करायचं यंत्र बिघडलेलं होतं. तिने तेव्हा कुठलं पाणी वापरलं होतं? बोअरचं? नळाचं? आमच्या बोअरचं पाणी जड, बादलीला पांढरे थर धरतात. त्यातलंच काही कोळशात बसलं असेल! मी सरांचा हात दोन्ही हातांत धरला. "सर, धुवायचं पाणी? तेच म्हणताय ना?" त्यांनी मान हलवली. त्यांनी मान हलवली होती, हे मी आजही सांगेन.

त्यानंतरचे काही आठवडे आम्ही तिघं पाण्यामागे होतो. बोअरचं पाणी, नळाचं पाणी, मास्तरांच्या घरच्या विहिरीचं. मुलगी नेपानगरहून कॅन भरून आणायची, कारण तिला आठवत होतं की एकदा कोळसा तिने घरी नेऊन धुतला होता. बसचा कंडक्टर विचारायचा, "काय, बुऱ्हाणपूरला पाणी नाही का?" त्या दिवसांत आम्ही हसायचो. मास्तरसुद्धा. ती पुन्हा श्वास रोखून थेंब सोडायला लागली होती. चंबूंची रांग खिडकीत लावलेली असायची, प्रत्येकावर चिकटपट्टी, कुठलं पाणी ते लिहिलेलं.

सगळे गुलाबी. एखादा फिका, एखादा गडद.

मी परत सरांकडे गेले. रिक्षात बसल्या बसल्या मनात प्रश्नांची मांडणी करत होते, असे प्रश्न की नुसत्या होकार-नकाराने उत्तर देता येईल. काकूंनी दार उघडलं. त्यांना मी सगळं सांगितलं, पाण्याची गोष्ट, कॅन, विहीर. त्या ऐकता ऐकता माझ्याकडे कशातरीच बघायला लागल्या, लहान मुलाकडे बघावं तशा.

"बेटा," त्या म्हणाल्या, "कालच टीव्हीचा आवाज मोठा झाला म्हणून ओरडले. पाणी, पाणी. परवा माझी बहीण आली तिला पाणी म्हणाले. तू रंगाचं विचारलंस, त्यांनी पाणी म्हटलं. दुसरं काय म्हणणार ते?"

"पण त्यांनी मान हलवली, काकू."

"मान तर सगळ्यालाच हलवतात."

आतून सरांचा आवाज आला. माझा आवाज ओळखला असावा. मी आत गेले. मांडून आणलेल्या प्रश्नांपैकी एकही विचारला नाही. त्यांचा चष्मा पुसून दिला आणि बसून राहिले. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांत काहीतरी होतं. ते माहीत असलेलं उत्तर होतं, की नुसता चष्म्याचा उजेड, हे मला तेव्हाही सांगता आलं नाही.

आता मुलीचं. तिच्या नोंदणीची मुदत संपत आली होती. तेवढ्यात बऱ्याच वर्षांनी कॉलेजांतली भरती निघाली. पीएच.डी. असेल तर पुढे नंबर लागणार होता, आणि तिचं वय भरतीच्या मर्यादेला टेकलं होतं. ती मला म्हणाली, "मॅडम, पहिले जे आलं ते खरं होतं ना? तुम्ही स्वतः पाहिलं. मग तेच लिहू या ना."

"आणि नंतरचं?"

"नंतरचं कोण विचारतं? बाकी सगळे एकदा येतं तेच छापतात. वो भी तो गाईड हैं."

मी तिला म्हटलं, दोन्ही लिहू. आधी असं आलं, नंतर आलं नाही, कारण सापडलं नाही. तेही कामच आहे. ती म्हणाली, "त्याला पेपर कोण म्हणेल मॅडम? आणि पेपर नसेल तर थीसिस जमा होणार नाही."  मी विद्यापीठात मुदतवाढ मागायला गेले, टेबलाटेबलावर फिरले. तिथले लोक चांगले वागले, पण मुदत वाढली नाही. मग तिचे वडील मला भेटायला आले. डोक्यावरची टोपी हातात घेऊन कॉलेजच्या व्हरांड्यात उभे होते. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "मॅडमजी, आप जो ठीक समझें." एवढंच बोलून गेले.

पद्धत मोडायची की मुलीचं वर्ष? त्या दिवसांत मला आठवायचे ते मोठे सर आणि त्यांची ती पिवळी स्फटिकं. त्यांच्या हाताला आलं होतं म्हणून ती गोष्ट सांगायला गोड होती. नसतं आलं तर? सरांना कुणी कधी विचारलं नव्हतं, मीही नाही. आणि आता विचारायची सोय नव्हती.

एक दिवस डबा खाताना तिने सांगितलं की दुसऱ्या गावातले एक गाईड तिला घ्यायला तयार आहेत. पहिले निकाल घेऊन ते पेपर करून देतील. ती पोळीचा तुकडा नुसता मुडपत होती. "तुमची सही लागेल," ती म्हणाली.

मी सही केली. काय करणार होते? तिला धरून ठेवलं असतं तर ती माझ्या पद्धतीसाठी बुडाली असती. सोडलं तर आमच्या प्रयोगशाळेत न टिकलेली गोष्ट दुसऱ्याच्या नावाने खरी होणार होती. दोन्हीकडून माझेच हात बांधलेले. तिने तिचं कपाट रिकामं केलं, चंबू धुऊन उपडे ठेवले. एकावरही थेंब नव्हता.

पेपर आला. मी वाचला. माझ्या भावाच्या शेतातल्या खोडांचा उल्लेख 'स्थानिक शेतातून मिळवलेली' असा होता. काही खोटं नव्हतं त्यात. जे लिहिलं होतं ते सगळं घडलेलं होतं. जे लिहिलं नव्हतं तेही घडलेलं होतं.

मास्तरांनी नंतर सोडूनच दिलं. म्हणाले, शाळेत कामं वाढलीत. प्रयोगशाळेत मी एकटीच राहिले. अधूनमधून मी अजून तो कोळसा करते, कधी पावसाळ्यातल्या खोडाचा, कधी उन्हाळ्यातल्या. वाटतं की जमीन असेल, पहिल्या वेळी केळीला घातलेलं खत असेल. भावाला विचारलं, त्याला आठवत नाही. पांढरं पाणी मला परत दिसलेलं नाही.

मुलीला डिग्री मिळाली, नोकरीही मिळाली, लांबच्या एका तालुक्याच्या कॉलेजात. या दिवाळीनंतर ती पेढे घेऊन आली. वाकून पाया पडली. मी तिला जवळ घेतलं. ती बारीक झाली होती. थोडा वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "सरांना भेटायचंय. नेता का?"

आम्ही दोघी रिक्षाने गेलो. सर ओट्यावर उन्हात बसले होते. तिने पेढ्याचा तुकडा त्यांना भरवला. मग त्यांच्या पायाशी खाली बसली आणि मी न सांगता बोलायला लागली. "सर, मी मॅडमला सोडून गेली. ते दुसऱ्या हाताला नव्हतं आलं, तरी दिलं छापायला. मला नोकरी लागली सर. माझी मुलं, म्हणजे स्टुडंट, मला विचारतात की मॅडम तुमचं संशोधन कशावर. मी सांगते. मग मला झोप नाही येत."

सरांचे डोळे भरून आले. गालावरून पाणी ओघळलं, तोंड वेडंवाकडं झालं. तिने त्यांचा निकामी हात आपल्या डोक्यावर ठेवून घेतला आणि तीही रडायला लागली. मी भिंतीला टेकून उभी होते. काकू पदराने सरांचे गाल पुसायला आल्या. पुसता पुसता माझ्याकडे वळून हळूच, मुलीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, "आजकाल जाहिराती बघूनसुद्धा रडतात हे."

मी मुलीला ते सांगितलं नाही.

 परत येताना शनवारा वेशीपाशी गर्दीत रिक्षा अडली तेव्हा ती म्हणाली, "मॅडम, सरांनी माफ केलं असेल का? की वाईट वाटलं त्यांना?"

"मला नाही सांगता येणार," मी म्हटलं.

"तुम्ही केलं का?"

पुढची हातगाडी हलली, रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. मी तिचा हात धरला. माफ करण्यासारखं काही मला तिच्यात सापडत नव्हतं, आणि झालं ते ठीक झालं असंही म्हणवत नव्हतं. बसस्टँडवर नेपानगरची बस लागलेलीच होती. ती खिडकीशी बसली. खाली वाकून म्हणाली, "पुढच्या सुट्टीत येते मॅडम. एक घाणा आपण दोघी मिळून करू." मी हो म्हटलं. बस मागे येऊन वळली आणि मी गाडीला वाट द्यायला बाजूला सरकले.